मेयरची कुमारे

माझ्या कादंबऱ्या कुणी वाचत नाही. ही तक्रारच आहे, पण आता इतकी जुनी झालीय की तेर्यो, माझा नवरा, ती ऐकताना ताटावरून मानसुद्धा वर करत नाही. आमच्या हिलिगायनोन भाषेत मी चार कादंबऱ्या लिहिल्या. चौथी मनिलाच्या एका प्राध्यापकाने वाचली आणि तिच्यावर असा निबंध लिहिला की तो वाचून मलाच माझी कादंबरी कळेनाशी झाली. आमच्या सांता क्लारा गावात मात्र मला ओळखत नाही असं माणूस नाही. कारण रोज सकाळी, लोक कॉफीत पाव बुडवत असतात तेव्हा, मी रेडिओवर राजकारण्यांची बिनपाण्याने करते. ‘आता बोलतेच’ हे कार्यक्रमाचं नाव, आणि कोन्सोर्सिया पाल्मारेस, म्हणजे गावाची नांग कोन्सिंग, कोन्सिंगताई, ही ती बोलणारी बाई.

कादंबऱ्या न वाचणारे लोकही त्यांत स्वतःला शोधत असतात, हा आणखी एक ताप. तिसऱ्या कादंबरीत एक चिकट दंतवैद्य आहे. गावातल्या दोन्ही दंतवैद्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पुस्तक दोघांनीही उघडलेलं नाही, कुणीतरी सांगितलं तेवढ्यावर. आता दाढ दुखली की मला बस पकडून इलोइलोला जावं लागतं.

पाचवी कादंबरी एका मेयरवर आहे. होती, म्हणू का? अजून ठरत नाही. आमच्याकडे मेयर म्हणजे क्रिस्पुलो बालदेरास, त्याच्याआधी त्याचे वडील, आणि त्यांच्याआधी वडिलांचे काका. त्यामुळे कादंबरीत नाव काहीही ठेवा, माणूस तोच. सकाळी रेडिओवर त्याला झोडपून यायचं आणि दुपारी कागदावर बसवायला घ्यायचं, तर तो बसायचा नाही. सगळा राग सकाळीच खर्च झालेला असायचा. रेडिओवर मी सांगते ते लोकांना कादंबरीसारखं रंगतदार वाटतं, आणि कादंबरीत लिहिते ते मला स्वतःलाच रेडिओवरच्या बडबडीसारखं वाटतं. तेर्यो म्हणायचा, “दोन्हीतलं एक सोड.” या माणसाचा जन्म जहाजाच्या इंजिनात गेलाय. नीट चालत नाही ते खोलून बाजूला ठेवावं, एवढंच त्याला माहीत.

तर मेयरने नदीकाठचा जुना बाजार पाडायचं काढलं. त्या जागी थंड हवेची दुमजली इमारत येणार होती, आणि तिच्यात मासळीवाल्यांना गाळे नव्हते, कारण म्हणे वास येतो. समुद्राकाठच्या गावात मासळीचा वास येतो हे बालदेरास घराण्याच्या तिसऱ्या पिढीच्या ध्यानात आलं होतं. मी रोज त्यावर बोलत होते. पण नुसत्या बोलण्याने काय होतं? पुरावा हवा. तो मला नेनेतने दिला.

नेनेत मासळीवाल्या बायकांची पुढारी. बांगुस मासे विकते. तिला माइक लागत नाही. ती भावावरून भांडायला लागली की नदीपलीकडच्या शाळेत पोरं गप्प होतात. तिचा दीर ती इमारत बांधणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर आहे, आणि त्याने तिला सांगितलं की कंपनीवर नाव कुणाचंही असो, मालक मेयरचा मेव्हणा. दीर स्वतः त्या मेव्हण्याची रोज ने-आण करतो. मासा कापता कापता नेनेतने ही बातमी माझ्या कानात घातली. मी आणखी दोन ठिकाणी विचारून पक्की केली. बुधवारी नगर परिषदेत बाजार पाडण्यावर मतदान होतं आणि सदस्यांतले काहीजण काठावर होते. सोमवारी मी ही बातमी फोडली की मेयरच्या बाजूने हात वर करताना ते दहा वेळा विचार करतील, असा माझा हिशोब. सगळा बाजार त्या सोमवारवर उभा होता.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, नेनेतच्या धाकट्याचा बाप्तिस्मा आला.

तिने मला आधीच विचारून ठेवलं होतं. “नांग कोन्सिंग, माझ्या बाळाची धर्ममाता व्हाल ना?” एका हातात सुरी, दुसऱ्या हातात माशाचं डोकं. या प्रश्नाला आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर बाळाला बाधतं, हे आईच्या दुधाबरोबर आमच्या पोटात गेलेलं असतं. मी असलं काही मानत नाही. पण उद्या ते पोर तापाने फणफणलं तर? मी हो म्हटलं. वर म्हटलं, “व्हाल ना काय विचारतेस, हक्कच आहे माझा.”

एका बाळाला एक धर्ममाता आणि एक धर्मपिता पुरतात हे रोममध्ये असेल. आमच्याकडे वेदीपुढे दोन रांगा लागतात. आणि मी, जी मासा घेताना त्याचे कल्ले उघडून बघते, डोळे बघते, वजनाच्या काट्याखाली बोट घालून बघते, तिने दुसऱ्या रांगेत कोण आहे हे विचारलं नाही. तेर्योने विचारलं होतं.

“धर्मपिता कोण कोण आहेत?”

“असतील तिचे दीर नि भाऊ. तुला काय करायचंय?”

“मला काही नाही करायचं. जेवायला मी येणारच आहे.”

चर्चमध्ये त्या रविवारी बरीच बाळं होती. फादर गोरियो एकेका घराण्याला ओळीत उभं करत होते. मी पुढे, मेणबत्ती घेऊन. एवढ्यात मागे खुसखुस झाली, बाकं करकरली, आणि पांढराशुभ्र बारोंग सदरा घातलेले मेयर क्रिस्पुलो बालदेरास मधल्या वाटेने दोन्ही बाजूंना मान लववत आले, ते थेट माझ्याशेजारी येऊन थांबले.

मी नेनेतकडे वळले. “हे इथे काय करतायत?”

“धर्मपिता आहेत, नांग.”

“कुणाचे?”

“आपल्या बाळाचे.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करता काय? वेदी समोर, फादर समोर, बाळ समोर. मेयरने माझ्या मेणबत्तीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “सरळ धरा, कुमारे. मेण सांडेल हातावर.”

एका बाळाला धरून जी माणसं उभी राहतात, ती त्या दिवसापासून एकमेकांची कुमारे आणि कुंपारे होतात, बाई ती कुमारे, पुरुष तो कुंपारे. हे नातं रक्ताच्या नात्याहून अवघड. सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं तर लोक म्हणतात, असेल काहीतरी. कुंपारेबद्दल भर बाजारात वेडंवाकडं बोललात तर लोक तुमच्याकडे वळून वळून बघतात, आणि तुमच्या आईने तुम्हाला काय शिकवलं असा प्रश्न पडतो त्यांना.

“मी तुमची कुमारे नाही,” मी दात आवळून म्हणाले.

“पाणी पडेपर्यंत नाही,” मेयरने मान्य केलं.

फादर गोरियोंनी बाळाच्या टाळूवर पाणी ओतलं. बाळाने टाहो फोडला.

“पडलं,” मेयर म्हणाला.

इथवरही मी सावरून घेतलं असतं. शेवटी डझनभर माणसांच्या घोळक्यात दोघं उभी होती, एवढंच. पण नंतरचं माझं मीच केलं. बाप्तिस्मा झाला की जे बाळ सगळ्यांच्या आधी चर्चच्या दाराबाहेर पडतं ते आयुष्यात पुढे जातं, असं आमच्याकडे मानतात. फादर दर वेळी सांगतात, धावू नका, हे देवाचं घर आहे. आणि दर वेळी शेवटचं ‘आमेन’ पुरं व्हायच्या आत धर्ममातांची पळापळ होते. नेनेतने ते गाठोडं माझ्या हातात कोंबलं आणि तिच्या त्या बाजारी आवाजात ओरडली, “नांग, पळा!”

मी पळाले. या गुडघ्यांनी! समोर पतपेढीच्या मॅनेजरीणबाई एक गलेलठ्ठ बाळ घेऊन निघाल्या होत्या, आणि त्या बाईला मी आधीपासूनच बघून घेणार होते. “डावीकडून, कुमारे, डावीकडून!” मेयर ओरडला. त्याने पुढे होऊन कुणाच्या तरी आजोबांना हलकेच बाजूला केलं, माझं कोपर धरलं, आणि आम्ही तिघं, मी, मेयर आणि ते रडणारं पोर, सगळ्यांच्या आधी उन्हात बाहेर पडलो. पायऱ्यांवर टाळ्या झाल्या. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. मी पोराला उंच धरलं आणि ओरडले. मेयरही ओरडला. नेमका तेव्हा फोटो निघाला.

फोटोत माझं तोंड कानापासून कानापर्यंत उघडं आहे, केस सुटलेत, कोपरावर मेयरचा हात आहे. दोघांनी मिळून निवडणूक जिंकली असावी असे आम्ही दिसतो. नेनेतच्या अंगणात डुक्कर कापून वाढायला सुरुवात व्हायच्या आत तो फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला होता. मेयरच्या कचेरीने त्याखाली लिहिलं होतं: ‘राजकारण मागे, बाळ पुढे. अभिनंदन, कुमारे कोन्सिंग!’

मी नेनेतला स्वयंपाकघरात गाठलं. ती तुरीचे दाणे, फणस आणि डुकराचं मांस घातलेल्या त्या आमच्या कालवणाच्या पातेल्यात पळी फिरवत होती.

“हे काय केलंस तू?”

“काय केलं? पोराला दोन मोठी माणसं बघून दिली.”

“उद्या मी त्याच्या मेव्हण्याचं सांगणार आहे, माहितेय ना तुला?”

पळी थांबली. “ते नका ना सांगू, नांग. दिराची नोकरी जाईल. आणि मला गाळा मिळतोय.”

“गाळा? मासळीला जागाच नाही तिथे!”

“आंब्यांचा. अगदी दाराशी. काल संध्याकाळी कबूल केलंय.”

“आणि बाकीच्या बायका?”

“त्यांनीही बोलवायचं होतं मेयरला बाप्तिस्म्याला. कुणी अडवलं होतं?”

“अगं, मग इतके दिवस मी घसा कोरडा करतेय तो कशासाठी?”

“वा, त्याचा तर केवढा उपयोग झाला!” नेनेतने अगदी मनापासून माझ्या दंडाला हात लावला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. “नाहीतर एका मासळीवालीच्या पोरासाठी मेयर येतो होय? मी म्हटलं, धर्ममाता नांग कोन्सिंग आहेत. तर लगेच हो म्हणाले. आधी तारीख विचारली, मग बाळाचं नाव विचारलं.”

म्हणजे मी जितक्या शिव्या घातल्या, तितकं तिच्या पोराचं वजन वाढलं होतं. मी बाहेर येऊन बसले. मेयर तीन टेबलं पलीकडे पानावर बोटांनी भात कालवत होता. त्याने लांबूनच मला कुरकुरीत कातडीचा तुकडा उंचावून दाखवला, आणून देऊ का म्हणून. तेर्यो तिसऱ्यांदा वाढून घेऊन आला आणि म्हणाला, “गुडघे गेले म्हणून महिनाभर भांडी मी घासतोय. आणि तू चर्चमध्ये शर्यती जिंकतेस.”

त्या संध्याकाळी मी पुष्कळ विचार केला. नेनेतच्या दिराची नोकरी खरंच जाऊ शकत होती. तिचा गाळाही. पण बाजारात नेनेत एकटी नव्हती. सुकी मासळीवाल्या होत्या, कालवंवाल्या होत्या, ज्यांच्या घरी या वर्षी बाळ झालं नव्हतं त्या सगळ्या होत्या. मी ठरवलं, सांगायचं. बातमी कुणाकडून आली याचा मागमूस लागू द्यायचा नाही, पण सांगायचं.

सोमवारी मी सगळं सांगितलं. मेव्हण्याचं नाव, कंपनीचं नाव, कागदावर कुणाला उभं केलंय त्याचं नाव. आवाज चढू दिला नाही, विशेषणं लावली नाहीत. इतकं चांगलं मी वर्षानुवर्षांत बोलले नव्हते. काचेपलीकडे आमचे यंत्रावर बसणारे नोंग टिबो, म्हणजे टिबोदादा, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, आणि ते सहसा ऐकत नाहीत, शब्दकोडी सोडवतात. तिथे थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव! फोटोचा राग डोक्यात घुमत होता. शेवटी मी म्हणाले, “तेव्हा कुंपारे क्रिस्पुलो, कालच्या शर्यतीत तुम्ही माझं कोपर धरलंत. आता या बायकांचा गळा सोडा.”

काचेपलीकडे नोंग टिबो हसले. मी ते हसू पाहिलं आणि हातातले कागद पालथे घातले.

फोन वाजला. नोंग टिबोंनी खूण केली: तोच आहे. मी मान हलवली. पळून गेले असं कुणी म्हणायला नको.

“नमस्कार, कुमारे,” मेयर म्हणाला. “गुडघा कसा आहे?”

“गुडघ्याचं राहू द्या. मेव्हण्याचं बोला.”

“खरं आहे की ते. माझ्या मेव्हण्याचीच कंपनी आहे.”

“तुम्ही कबूल करताय?”

“कुमारेशी खोटं बोलू? बायकोचा भाऊ आहे. आता तुम्हीच सांगा, बायकोच्या भावाला नाही म्हणून कुठला नवरा घरात जेवतो? नोंग तेर्योंना विचारा. तुमच्या भावाला त्यांनी जहाजावर लावून दिलं, ते परक्यांचा भाऊ म्हणून का?”

“ते जहाज सरकारी नव्हतं!”

“बघा, कशी पकडते मला! म्हणून तर माझी आई तुमचा कार्यक्रम चुकवत नाही.” तो मनापासून हसत होता. “मासळीवाल्यांना तात्पुरती शेड देतोय मी नदीपलीकडे. आणि आमच्याकडे जेवायला कधी येताय ते सांगा. रागवायचं ते ताटावर बसून रागवा.”

त्यानंतर एकामागून एक फोन आले. मी दर वेळी कान टवकारत होते: आता कुणीतरी मेव्हण्याबद्दल विचारेल. पहिल्या बाईंना विचारायचं होतं, पतपेढीवाल्या बाईंना आम्ही नेमकं कुठे मागे टाकलं. दुसरे गृहस्थ म्हणाले, कुमारे-कुंपारेंनी असं उघड्यावर भांडू नये, पण भांडण ऐकायला मजा आली. तिसऱ्या बाईंना जुळी होणार होती आणि त्यांना एक धर्ममाता हवी होती.

बुधवारी मतदान झालं. मेयर जिंकला. काठावरचे सगळे त्याच्या बाजूला पडले. त्यांतले बांदियोला मला परिषदेच्या पायऱ्यांवर भेटले, हे बरे गृहस्थ आहेत, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे.

“अहो, तुम्ही तरी!” मी म्हणाले. “मेव्हण्याचं ऐकलं नाहीत?”

“ऐकलं ना. मी विरोधातच मत देणार होतो.”

“मग?”

“मग तो फोटो पाहिला. म्हटलं, नांग कोन्सिंगचं आणि मेयरचं आतून जुळलेलं दिसतंय. सोमवारचं बोलणं म्हणजे नात्यातली चेष्टामस्करी. मी एकटा कशाला वाईट होऊ?” ते माझ्याकडे बघत राहिले. “जुळलेलं नव्हतं का?”

बाजार पाडला तेव्हा मी तिथे उभी होते. थोड्या बायका फलक घेऊन आल्या होत्या. नेनेत नव्हती. छपराचे पत्रे काढून ट्रकमध्ये टाकत होते. मी त्या दिवशीही बोलले, दुसऱ्या दिवशीही बोलले. मेयरला चोर म्हणाले. लोक खूश. रेडिओचे मालक म्हणाले, कार्यक्रम इतका कधीच कुणी ऐकत नव्हतं, आठवड्यातून एकदा मेयरला समोर बसवू या का, ‘कुमारे-कुंपारे’ असं नाव देऊ. मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला. काय उपयोग होता? पूर्वी मी मेयरला चोर म्हटलं की गावात कुजबुज व्हायची, मेयरच्या कचेरीतून खुलासा यायचा, एकदा वकिलाची नोटीसही आली होती, ती मी कौतुकाने जपून ठेवलीय. आता चोर म्हटलं की बाजारात बायका मला थांबवून सांगायच्या, “आज छान झापलंत हो कुंपारेंना!” तोच शब्द, तीच बाई, तोच चोर. शब्दाला धारच उरली नव्हती. असहाय वाटणं म्हणजे काय हे मी कादंबऱ्यांत पुष्कळ लिहिलंय. ते सगळं फाडून टाकावंसं वाटत होतं.

दुपारी कादंबरीकडे वळावं तर तिथेही तो. वर्षभर जो माणूस कागदावर बसत नव्हता, तो आता न बोलावता येऊन बसला. मी त्याच्या हातात बाजाराचे कागद द्यायला जावं, तर तो बाळ घेऊन धावायला लागायचा. वाचकाला त्याची चीड यावी म्हणून लिहिलेल्या पानांत तो इतका लाघवी उतरला होता की मीच ती पानं पुन्हा वाचत बसायचे. आजवर लिहिलेल्यातली ती सगळ्यात चांगली पानं होती, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त संताप यायचा.

पावसाळा लागायच्या सुमारास नदीपलीकडची शेड तयार झाली. शेड म्हणजे नुसते खांब. छप्पर पुढच्या निधीतून म्हणे. मी जाऊन पाहून आले, खांबांना हात लावून आले, बायकांशी बोलले. निधी कुठे गेला याचा माग लागला होता, आणि या वेळी मी ठरवलं होतं की एकही टोमणा मारायचा नाही, कुंपारे म्हणायचं नाही, नात्याचा न सुद्धा काढायचा नाही. कोरडं, सरळ, आकडे नि तारखांनिशी. उद्या सकाळी. परत एकदा सुरुवातीपासून सुरुवात करायची. तेर्योलाही मी वाचून दाखवलं आणि तो म्हणाला, “हे चालेल,” जे तो इंजिनाशिवाय कशाला म्हणत नाही.

दुपारी नांग सालुद आल्या. सुकी मासळी आणि खारवलेला जवळा विकणाऱ्या. माझ्या आईच्या वयाच्या, विधवा, एक मुलगी आजारी घरात. बाजार पाडला त्या दिवशी फलक धरून ज्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या त्यांतल्या एक. मी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, गार पाणी दिलं.

“इंदाय, पोरी,” त्या म्हणाल्या, “काल पावसात माझा सगळा माल भिजला. वास मारतोय. फेकून दिला.”

“मला माहितेय, नांग. मी उद्या त्यावरच बोलणार आहे. हे बघा, सगळं लिहून ठेवलंय. छप्पर का नाही, निधी कुठे गेला—”

“बोल की. तू चांगलंच बोलतेस.” त्यांनी पेला खाली ठेवला. “पण नव्या इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली, एक कोपरा आहे. रिकामाच पडलाय. छप्पर आहे. वास कुणाला येणार नाही तिथे. तेवढा मला मिळाला तर...”

“मी उद्या रेडिओवर सांगते ना.”

“रेडिओवर नको गं, बाळा.” त्यांना माझं वाईट वाटलं असावं, कारण त्या खुर्चीतून पुढे सरकल्या आणि माझा हात हातात घेतला. “रेडिओवर तू रोजच बोलतेस. फोन कर. तुझा कुंपारे आहे तो, तुला नाही म्हणायचा नाही.”

मी तेर्योकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी नांग सालुदना समजावून सांगू शकले असते, की मी हा एक फोन केला की उद्याचं माझं बोलणं मेलं. की एका कोपऱ्यासाठी सगळ्यांचं छप्पर जाईल. की हे असंच चालतं म्हणून तर मी इतकी वर्षं बोलतेय. हे सगळं मी रेडिओवर फार चांगलं सांगितलं असतं. समोर भिजलेल्या मासळीचा वास येणारी म्हातारी बाई बसली असताना मला ते तोंडातून काढता येईना. नाही म्हणायचं कसं? कुणाला?

मी फोन लावला. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

“कुंपारे,” मी म्हणाले. हा शब्द या वेळी मला कुठलाही टोमणा न मारता उच्चारावा लागला, आणि तो घशातून बाहेर काढताना मला लाज वाटली. “मी कोन्सिंग.”

“बोला कुमारे,” मेयर म्हणाला, आणि काय काम आहे हे त्याने विचारलंच नाही. “कुणासाठी?”

मी नाव सांगितलं. कोपरा सांगितला.

“जिन्याखालचा? होऊन जाईल. उद्यापासून बसू द्या त्यांना. एवढ्यासाठी इतके दिवस का थांबलात?” मागे कुणीतरी त्याला सही मागत होतं, त्याने त्याला थांबायला सांगितलं. मग आवाज तोच ठेवून, तितक्याच आपुलकीने, त्याने विचारलं, “आणि उद्या सकाळी कशावर बोलताय?”

नांग सालुद माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझा हात अजून त्यांच्या हातात होता.

“अजून ठरलं नाही,” मी म्हणाले.